गाजरगवत आणि तायडेबाई

पोळा सरला की आमच्या विहाराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं. पांढरी, बारीक, साबुदाण्याएवढी फुलं. दिसायला अगदी गरीब. यंदा ते कमरेएवढं वाढलंय, कारण ते उपटायला लावणारी बाई आता नाही. मला स्वतःला त्या गवताचा काही त्रास नाही, माझं नाक दणकट आहे. तरी प्लॉट पांढरा झालेला दिसला की तायडेबाई आठवतात आणि मी मान दुसरीकडे करून आत जातो.

हा विहार अकोल्यातल्या आमच्या वस्तीचा. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी इथे वंदना होते आणि मग धम्मग्रंथाचं वाचन. बायका पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसतात, पुरुष मागे भिंतीला टेकून. वाचायच्या तायडेबाई. माईक आणि अॅम्प्लिफायर माझ्याकडे. मी वीजखात्यात नोकरीला, म्हणून तार दिसली की मिलिंदला बोलवा, असा वस्तीचा सरळ हिशोब. त्यामुळे इतकी वर्षं मी बाईंना समोरून फारसं पाहिलंच नाही. माझी जागा अॅम्प्लिफायरच्या खोक्यामागे, त्यांच्या डाव्या हाताला. त्या मला आठवतात त्याही तशाच, एका बाजूने.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी ट्रंक एक्स्चेंजवर ऑपरेटर होत्या. त्या काळी अकोल्याहून मुंबईला बोलायचं तर अर्धं शहर बाईंच्या कानातून जायचं. त्या नोकरीची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. पुण्याहून पोटच्या पोराचा फोन आला तरी, "हं, बोल. काम सांग," असंच विचारत. पोरगा म्हणे, "आई, काम काही नाही, सहज केला." त्यावर, "मंग सहज बोल. लाईन मोकळी हाय."

ग्रंथ उघडला की बाईंची भाषा पुस्तकी, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. ग्रंथ मिटला की पक्की वऱ्हाडी. दोन्हींची सरमिसळ कधी झाली नाही. पान उलटताना कोणी बोटाला थुंकी लावलेली त्यांना खपत नसे; वाचनाचा सराव करायला आलेल्या एका तरुणाला त्यांनी त्यावरून उठवून नळावर हात धुवायला पाठवलं होतं. कोणी वाचनाची तारीफ केली की म्हणत, "वाचनाऱ्यानं वाचावं, आयकनाऱ्यानं आयकावं. मंधात बोलू नये." बोलण्यात गोडवा नावालाही नव्हता. वस्तीत त्यांना घाबरणारे पुष्कळ होते आणि मी त्यांच्यात पहिला.

नवरा गेला तेव्हा बाई रडल्या नव्हत्या. भर वैशाख होता. आलेल्या-गेलेल्यांना पाणी विचारत, कोणाची गाडी कधी आहे ते पाहत त्या कोरड्या डोळ्यांनी फिरत होत्या. बायका कुजबुजल्या, "बाईचं काळीज दगडाचं हाय." ते त्यांच्या कानावर गेलं. पुढे एकदा त्याच मला म्हणाल्या होत्या, "मले रडूच येत नाई, बाप्पा. आतून पाट वाहते, पन डोयापर्यंत पोचत नाई. काय करू?" नवऱ्याची जुनी धोतरं फाडून त्यांनी हातरुमाल केले होते. पोळ्यानंतर ते रुमाल कमरेला दोन-चार खोचलेले असायचे.

कारण पोळ्यानंतर बाईंचा रंगच बदलायचा. एक शिंक आली की ती मागे रांग लावूनच यायची. नाक लाल, डोळे लाल, टाळू खाजतेय म्हणून जिभेने टॉक-टॉक आवाज करायच्या. ताप नाही, अंगदुखी नाही, आणि हे सगळं दरवर्षी त्याच महिन्यात. "हवा बदलली," बाई म्हणायच्या. आम्हीही म्हणायचो, हवा बदलली. तुळस-आल्याचा काढा, गवती चहा, छातीला मेणबत्तीचं मेण कोमट करून चोळणं, सगळं झालं. अश्विन संपून थंडी पडली की ते आपोआप जायचं आणि काढ्याला श्रेय मिळायचं.

आता गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणताना माझं मलाच वाईट वाटतं, की ग्रंथात बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचा भाग येतो तो नेमका तेव्हाच. वर्षावास संपत आलेला, बाहेर प्लॉट फुलून पांढरा झालेला, आणि आत बाई भगवंतांचा शेवटचा प्रवास वाचतायत. आवाज घोगरा. मध्येच अडतो. डोळ्यांतून धारा लागलेल्या, धोतराचा रुमाल वरचेवर डोळ्यांशी. समोरच्या बायका ते पाहून हुंदके द्यायला लागायच्या. मागचे बाप्ये खाली मान घालायचे. हळूहळू त्याची ख्याती झाली. त्या आठवड्यात दुसऱ्या वस्त्यांतून लोक यायचे. "तायडेबाई वाचते तं भगवंत डोयासमोर उभे राह्यते," असं म्हणायचे. दगडाचं काळीज म्हणणाऱ्या बायकाच आता म्हणत, "बाई वरून कडक, पन आतून लोनी."

बाईंनी यातलं काही नाकारलं नाही आणि कबूलही केलं नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडत असावं. आयुष्यभर जे डोळ्यापर्यंत पोचलं नाही ते कोणत्या का वाटेने होईना, लोकांना दिसलं.

पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसायच्या पारबताबाई. मूळच्या पातूरकडच्या, वयाने बाईंपेक्षा मोठ्या, अक्षरओळख नाही. त्यांचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. घरात सून, दोन नातवंडं. त्यांच्यासमोर रडायचं कसं, म्हणून म्हातारी घरात कधी रडली नाही. वर्षभर साठवायची आणि त्या शेवटच्या आठवड्यात बाईंसमोर बसून रडून घ्यायची. बाईंचा रुमाल डोळ्याला गेला की पारबताबाईंचा पदर जायचा. वाचन संपलं की दोघी पायरीवर बसायच्या. समाप्तीच्या दिवशी खीरदान असतं. पारबताबाई बाईंसाठी वेगळ्या गडव्यात खीर आणायच्या, विलायची जास्त घातलेली. "खाऊन घ्या, घसा बसला तुमचा." बाई कोणाच्या हातचं सहसा खायच्या नाहीत. हे खायच्या.

शिट्टीचं प्रकरण त्यानंतरचं. एका भाद्रपदात माईकमधून बारीक शिट्टी यायला लागली. बाई वाक्य संपवून श्वास घेतील तेव्हा, सूंऽऽ. मला वाटलं, माईक खराब झाला. तार बदलली. भोंग्याचं तोंड फिरवलं. कमिटीकडून नवा माईक मागवला, त्यावरून बोलणी खाल्ली. शिट्टी आपली चालूच. एका संध्याकाळी लाईट गेली. खोकं बंद, भोंगा बंद. बाई मेणबत्ती पुढे ओढून तशाच वाचत राहिल्या, आणि बंद माईकमागे बसून मला शिट्टी स्वच्छ ऐकू आली.

वाचन झाल्यावर भीतभीतच सांगितलं. "बाई, शिट्टी माईकची नाही. तुमच्या छातीतली हाय."

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग तार कायले बदलली रे एवढी?" म्हणाल्या. पण घरी जाताना पायऱ्यांवर दोनदा थांबल्या.

त्यांची धाकटी बहीण अमरावतीला. तिच्या ओळखीच्या छातीच्या डॉक्टरकडे आम्ही गेलो. मी सोबत, कारण बाईंना एकटीने डॉक्टरकडे जायची लाज वाटत होती. डॉक्टरने औषधाआधी प्रश्न विचारले. कोणत्या महिन्यात सुरू होतं, कधी थांबतं, ताप असतो का, डोळे खाजतात का, घराजवळ काय उगवतं. मग हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकून बारीक टोचलं. थोड्या वेळाने एका थेंबाखाली मोठी गांधी उठली.

"गाजरगवत," डॉक्टर म्हणाला. "त्याच्या परागांची अॅलर्जी आहे. इतकी वर्षं नाकावर होतं, आता दम्यात उतरलंय. ही सर्दी नाही, आजी."

"मी रडत होती ते?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. "डोळ्यांतलं पाणी ना? तेही त्याचंच."

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूरपर्यंत बाई हातावरची गांधी बघत होत्या. मग म्हणाल्या, "आतून लोनी म्हने." आणि हसल्या. ते हसू मला अजून नको वाटतं.

एकदा समजल्यावर मात्र बाईंनी आजाराला एक्स्चेंजची शिस्त लावली. नाकातला स्प्रे पोळ्याच्या दोन आठवडे आधी सुरू. शिंकेची वाट पाहायची नाही. छातीचा पंप रोजचा वेगळा, अडीअडचणीचा वेगळा. "पंपाची सवय लागते म्हने, बाई," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "श्वासाची लागली ना? मंग?" पंप घेतला की चूळ भरायची. सकाळी खिडक्या बंद. कपडे घरात वाळवायचे. बाहेरून आलं की तोंड, केस धुवायचे. करोनातले उरलेले मास्क कामाला आले. विहारातली अगरबत्ती त्यांनी माईकपासून उचलून पार खिडकीशी नेली, तेव्हा कमिटीवाले चिडले. "मूर्तीसमोर अगरबत्ती नको?" बाई म्हणाल्या, "मूर्तीले दमा नाई. मले हाय. मेनबत्ती ठेवा अन् फुलं ठेवा."

आणि आवाज? आवाज पुन्हा ट्रंक लाईनीसारखा खणखणीत झाला. त्या अश्विनात बाईंनी शेवटचा भाग कोरड्या डोळ्यांनी, एकही शब्द न अडता वाचला. माझ्या कानाला तो सर्वांत सुंदर वाटला. लोकांना नाही वाटला. रडायला म्हणून आलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "यंदा बाईच्या वाचन्यात जीव नाई," असं पायरीवर कोणीतरी बोललंच.

बाई गप्प राहू शकल्या असत्या. पण त्याच दिवसांत खंडारेंच्या नव्या सुनेची गोष्ट त्यांना कळली. वैशाली तिचं नाव, अंजनगावची. ती भाद्रपद लागल्यापासून शिंकत होती, रात्री उठून बसत होती, आणि सासूचं म्हणणं, पोरगी कामचुकार, निंदायला जायच्या वेळीच बरी सर्दी होते. बाईंनी तिची छाती नुसती शेजारी बसून ऐकली. दुसऱ्या संध्याकाळी वाचन संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माईक बंद करू नोको."

मग सगळ्यांना सांगितलं. "दरसाल याच महिन्यात शिंका येत असतीन, ताप नसंन, डोये खाजत असतीन, छातीत शिट्टी वाजत असंन, तं ते सर्दी नाई अन् नाटक बी नाई. ते बाहेरचं गवत हाय. मले तेच होतं. इतकी वर्सं मी इथिसा बसून रडली असं तुमाले वाटलं. मी रडली नाई. गवतानं पानी काढलं. डाक्टरले दाखवा, पोरीयचे हाल करू नोका."

वैशालीची सासू लाजली, पोरीला दवाखान्यात नेलं, तिला आराम पडला. पुढच्या पोळ्याला बाईंनी वस्तीला प्लॉटवर उतरवलं: हातमोजे घाला, मास्क लावा, फूल यायच्या आधी मुळासकट उपटा. स्वतः लांब उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. हे सगळं चांगलंच झालं, त्याबद्दल कोणी काही म्हणू शकत नाही.

पण त्या संध्याकाळी, बाईंनी ते सांगितलं तेव्हा, पारबताबाई खांबाचा आधार घेऊन उठल्या. माईक चालू होता, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्या वस्तीला ऐकू गेलं.

"तं मंग एवढी वर्सं मी एकलीच रडून राहिली होती?"

पारबताबाई चप्पल शोधून निघून गेल्या. त्या वर्षी खीर आली नाही.

बाई त्यांच्या घरी गेल्या होत्या. ओसरीवरच बोलणं झालं. पारबताबाईंनी बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळी रीत केली आणि म्हणाल्या, "तुमी खरं बोलल्या, बाई, चांगलं केलं. तुमच्यावर राग नाई. पन आता मले तिथं येऊ वाटत नाई. आली त लाज वाटंन." बाई परत आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लाईन कटली, मिलिंदा."

पुढच्या वर्षी पोळ्यानंतर मला माईकमध्ये पुन्हा शिट्टी ऐकू आली. प्लॉट साफ होता, पण रेल्वे लाईनीच्या कडेने, नाल्याच्या कडेने गवत होतंच. वाऱ्याला काय कुंपण? आवाज घोगरा, डोळे सुजलेले. मी विचारलं, "बाई, औषध?"

"बंद केलं आठ दिवस."

"काहून?"

"भोंग्याचा आवाज पारबताबाईच्या घरापर्यंत जाते."

मला भांडायचं होतं, धीर झाला नाही. दोन दिवस ते तसंच चाललं. बाई एकेका वाक्याला श्वास ओढत होत्या, बायका गोंधळून बघत होत्या, आणि भोंगा ते सगळं खांबावरून वस्तीभर नेत होता. तिसऱ्या दिवशी वंदनेच्या आधीच पारबताबाईंची सून आली. डोक्यावर पदर घेऊन बाईंसमोर उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं बोलली, "आत्याबाईनं सांगतलं, औषध घ्या म्हना. मले फसवू नोका म्हना. अन् जीव देऊ नोका म्हना."

बाईंनी मान हलवली. पिशवीतून पंप काढला आणि तिच्यासमोर घेतला. सून बघून गेली, घरी जाऊन सांगायला.

त्या हिवाळ्यात पारबताबाई गेल्या. झोपेतच. बाई मयतीला आल्या, पाणी विचारलं, कोणाची गाडी कधी आहे ते पाहिलं. डोळे कोरडे. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता तरी, बाई, आता तरी. आतला पाट डोळ्यापर्यंत पोचला नाही.

गेल्या वर्षीचा वर्षावास त्यांचा शेवटचा ठरला. फाल्गुनात बहिणीकडे अमरावतीला गेल्या होत्या, तिथेच हृदय थांबलं. पण वर्षावास चालू असताना ते कोणाला माहीत होतं? पोळ्याआधी स्प्रे वेळेवर सुरू झाला होता. प्लॉटच काय, नाल्याची कडसुद्धा वैशालीने बायका गोळा करून साफ केली होती. अश्विनात बाई शेवटच्या भागाला आल्या. आवाज स्वच्छ. लोक तसे कमीच. पहिल्या रांगेत खांबापुढची जागा रिकामी होती. कोणी मुद्दाम ठेवली नव्हती, पण कोणी बसतही नव्हतं.

भगवंतांचा अंत जवळ आल्याचं कळून एक शिष्य दाराआड जाऊन, चौकटीला धरून एकटाच रडतो, तिथवर बाई आल्या. 'एकटाच' वाचलं आणि थांबल्या. मला वाटलं, ओळ चुकली. त्यांनी खांबाकडे पाहिलं. मग चष्मा काढला. बाजूने मला दिसत होतं, गाल ओला होत चालला होता, आणि कमरेला रुमाल नव्हता, कारण आता त्याची गरजच पडत नव्हती.

कोणाच्या डोळ्यात पाणी नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, अगदी खरी. वैशाली चटकन उठली, बाईंच्या पिशवीतून पंप काढला आणि शिकवल्याप्रमाणे हलवून त्यांच्यापुढे धरला. "घ्या, बाई. गवतानं पुन्हा धरलं वाटते."

मी बटण फिरवून आवाज वाढवला आणि कान लावला. बाई श्वास घेत होत्या. त्यात शिट्टी नव्हती.

बाईंनी त्या पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंप हातात घेतला, ओढला, सांगितलं होतं तसा श्वास धरून ठेवला आणि सोडला.

"हाव, पोरी," माईकमध्येच म्हणाल्या. "लय फुललं यंदा."

चष्मा लावून त्यांनी पुढची ओळ धरली.